हात लावू नका, नुसतं बघा

मोटार रॅलीत स्टेजच्या, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्याच्या, स्टार्टला सेफ्टी गिअर तपासायची ड्युटी वाट्याला आलीय? अभिनंदन. काम सोपं आहे. दोन गाड्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटं असतात, त्यातली बरीचशी टाइम कार्डात वेळ लिहिण्यातच जातात. उरल्या वेळात खिडकीतून डोकावा, अंगठा दाखवा, आतून अंगठा आला की झाली तपासणी. पथ्य एकच : कशालाही हात लावायचा नाही. हात लावला की काहीतरी सापडतं, आणि सापडलं की गाडी अडते.

हेल्मेटचा पट्टा घ्या. तो दोन्ही डी-रिंगांतून घालून परत एकीतून मागे घ्यायचा असतो. ही परतीची फेरी राहिली आणि टोक नुसतं बटणाला अडकवलं, तरी बाहेरून पट्टा झकास लागलेला दिसतो. हनुवटीखाली बोटं घालून ओढलात तर सर्रकन हातात येईल. कशाला ओढायचं?

हॅन्स म्हणजे खांद्यांवर बसणारं, डोकं पुढे झेपावू न देणारं साधन. त्याच्या क्लिपा हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अडकतात. एका खिडकीतून पलीकडची दिसत नाही, म्हणजे ती लागलेलीच असणार. ते नसेल तर धडकेत धड बेल्टमुळे जागेवर राहतं, डोकं पुढे जातं आणि कवटी तळाशी मोडते. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या अशाच फ्रॅक्चरने, हॅन्स नव्हतं. फॉर्म्युला वनने २००३ पासून ते सक्तीचं केलं. पण ती मोठी माणसं, मोठे वेग. आपल्याकडे काय, नुसती झाडं आणि कठडे. खांद्याचा बेल्ट हॅन्सवरून घसरून दंडावर आला असेल, तर ड्रायव्हरला तसंच आरामाचं वाटत असेल म्हणा.

बेल्ट कोणत्या क्रमाने आवळले, हेही विचारू नका. आधी कमरेचा, ओटीपोटाच्या खाली, हाडावर, मग मांड्यांमधले, खांद्याचे शेवटी. घाईत खांद्याचे आधी ओढले की कमरेचा वर पोटावर चढतो, आणि धडकेत आतडी-यकृत बेल्टशी कुस्ती खेळतात. बोटांनी चाचपलं तर पाच सेकंदांत कळतं, म्हणून चाचपायचं नाही. बेल्टच्या लेबलावर कोणत्या सालापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. ते उलटं वळलेलं असलं तर सरळ करू नका, साल वाचावं लागेल.

ओव्हरऑलच्या, म्हणजे आगीपासून वाचवणाऱ्या अंगभर सूटच्या, कॉलरवरचा ८८५६-२०१८ हा मानकाचा नंबर दिसला की पुरे. आत आयपीएलची जर्सी आहे का, हे बघायला चेन खाली ओढणं असभ्य. पॉलिस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतं हे खरं, पण एकदा चिकटलं की जर्सी कुणी मागत नाही.

शेवटी फायर एक्स्टिंग्विशर. सर्व्हिस पार्कात, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागी, मेकॅनिक हँडलला सेफ्टी पिन लावतात, ती स्टेजआधी काढायची असते. पिनेची लाल रिबीन लोंबताना दिसली तर गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय असं समजा आणि सोडा. पिनेसकट हँडल ओढलं तर काहीच होत नाही, हे क्रूला आगीत कळेलच.