खड्ड्यातली भाऊबीज

दादाने परवा पुन्हा तोच विनोद पाठवला: वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी. रायगडला ऑरेंज अलर्ट, शाळांना सुट्टी आणि श्रीवर्धनात दिवसभर लख्ख ऊन. खाली चुलत भावंडांचे दात, आणि आत्याची सूचना की हे खातंच बंद करा, पैसा रस्त्यांना द्या. मी चिडले. सकाळी सहाला, चहाच्याही आधी, घरच्या ग्रुपवर लांबलचक भाषण लिहिलं. कुणी साधा अंगठासुद्धा दिला नाही, म्हणून आता इथे.

मी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या मूर गावात राहते. शनिवारी दुपारी बारा वाजता टोर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे चाचणीसाठी वाजतात आणि कुणी मान वर करत नाही. 2024 साली या राज्यात 152 टोर्नेडो झाले. आधीचा उच्चांक 149 होता, तोही 2019 चा. देशभरातही ते वर्ष 2004 च्या खालोखालचं. एप्रिलच्या एका शनिवारी रात्री सल्फर गावाची बाजारपेठ भुईसपाट झाली. त्या वसंतात गॅरेजमधल्या खड्ड्यात, म्हणजे वादळात लपायच्या जमिनीखालच्या खोलीत, किती वेळा उतरलो ते मोजायचं मी सोडून दिलं. गाडी मागे घ्यायची, झाकण सरकवायचं, मुलांना हेल्मेट घालायची.

ग्रुपवर मी लिहिलं की आमच्याकडे लोक इशारा ऐकतात. 20 मे 2013 ला इथे मूरला टोर्नेडो जमिनीला टेकायच्या 16 मिनिटं आधी इशारा निघाला होता. तरी 24 माणसं गेली, त्यात शाळेतली सात मुलं. पण ती 16 मिनिटं नसती तर? 'वेधशाळा बंद करा' असं इथे कुणी म्हणतं का?

म्हणतात. 2025 साली सरकारने हवामान खात्यातली शेकडो माणसं कमी केली. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. टोर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांतले जवळजवळ तीन फुकट जातात, हेही नाही. आणि भोंगा वाजला की शेजारचा आजोबा खड्ड्यात उतरायच्या आधी बिअर घेऊन अंगणात येतो, आभाळ बघतो, हे तर मुळीच नाही.

एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. आपल्याकडे रंग लागतो तो अख्ख्या जिल्ह्याला. कर्जतला घाटाखाली धो धो कोसळेल आणि श्रीवर्धनला समुद्रावर ऊन पडेल, तरी दोन्हीकडे शाळा बंद. इथेही 2007 पर्यंत अख्ख्या काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, इशारा मिळायचा. मग वादळाच्या वाटेपुरता तुकडा नकाशावर आखायला लागले. दादाने तसला तुकडा मागावा. छत्रीचे विनोद करून काय मिळतं?

भांडणात मी 'निसर्ग' काढलं, आणि तिथे फसले. 3 जून 2020. चक्रीवादळ कुठे येणार, कधी येणार, सगळं आधी सांगितलं होतं आणि तसंच झालं. किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. मी इथे रात्रभर जागून उपग्रहाची चित्रं बघत होते आणि दादाला फोनवर सूचना देत होते, जणू मीच वेधशाळा. मग फोन लागेना. बऱ्याच दिवसांनी लागला तेव्हा वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, नारळही. परवा दादाने एवढंच लिहिलं: "अंदाज बरोबर होता गो. पोफळी वाचल्या का?" वर आणखी एक ओळ: "आणि तुझं 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कुठे?"

पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या प्रश्नालाही नव्हतं. माहेरी असते तर 'तिकडे' म्हणाले असते, इथे 'इकडे' म्हणते. 'आमच्याकडे' मात्र भांडताना तोंडात येतं ते नेहमी चुकीच्या घराचं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. 2024 च्या दिवाळी पाडव्याला संध्याकाळच्या अंदाजात वादळाचा धोका दिला होता. मी वाचला, "नोव्हेंबरात कसला टोर्नेडो" म्हणाले आणि करंज्या तळायला घेतल्या. हीच मी, भाषणवाली. दादाला ओवाळण्यासाठी रात्री दीडचा गजर लावून झोपले. म्हणजे तिकडे दुपारचे बारा. गजराआधीच फोन किंचाळला. आमच्या उत्तरेला काही मैलांवर घरांची छपरं उडत होती. आम्ही चौघं खड्ड्यात, आणि घाईत हातात आला तो चकल्यांचा डबा. व्हिडिओ लागत नव्हता. कसाबसा एक मेसेज गेला: "दादा, थोडा थांब."

उत्तर आलं. त्यात विनोद नव्हता, छत्रीही नव्हती.

"पाटावर बसलोय. उठत नाही. तू आधी वर ये."