‘चिखल तुडवून घेतात’ म्हणणाऱ्या वाचकास

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात कलाकारांचं निवासी शिबिर झालं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘खानापूरकर’ अशी सही करून एक प्रतिक्रिया आली आहे. खरं नाव दिलेलं नाही. मूळचे खानापूरचे, सध्या मुक्काम पुणे, एवढंच कळतं. म्हणणं असं: बाहेरचे कलाकार येऊन आमच्या अडाणी बायकांकडून चिखल तुडवून घेतात आणि त्याला कला म्हणतात, त्या बायकांना मजुरी मिळाली का, यावर लेखात अक्षर नाही, बांबू कुठून आणला ते लिहिलेलं नाही, आणि पाटी फक्त कन्नड-इंग्रजीत होती, तरी मी मूग गिळून बसलो. वर पुस्ती: “लेखकाला फुकटचं जेवण मिळालं असणार.”

जेवलो, होय. भात आणि कुळथाचं पिठलं. ज्या माउलीने वाढलं तिच्यापुढे हे वाक्य बोलून दाखवा, मग बघू. मतभेद असू देत की, त्याला कोण नको म्हणतंय? पण माणसाला आधी मिंधा ठरवायचं आणि मग प्रश्न विचारायचे, ही कुठली रीत? आमच्यात असं बोलणाऱ्याला पारावर कुणी बसायला जागा देत नाही.

पाटीचं मान्य. शंभर टक्के मान्य. मराठी पाटी हवीच होती आणि ते लेखात एका ओळीत बसलं असतं.

आता चिखल. साहेब, माझे वडील खानापुरात कौलांच्या कारखान्यात साच्यावर होते. घरी आले की आधी न्हाणीत पाय घासायचे, तरी नखांतली माती निघायची नाही. या तालुक्याच्या मातीला काही मोल आहे म्हणूनच खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था खानापुरात आहे ना? तेव्हा माती तुडवणं हलकं काम, हे मला तरी पुण्याहून सांगू नका.

आणि तुडवत कोण होतं, ते लेखात होतं. बेंगळुरूहून आलेली ती कलाकार मुलगी स्वतः गुडघाभर मातीत होती आणि काठावर बसलेली कुंभाराघरची म्हातारी तिला झापत होती, “टाच नको मारू गं, चवड्यानं दाब. खडा पायाला कळाय पायजे.” पायाला खडा लागला की वाकून वेचायचा, फेकायचा, परत कडेकडून मधे यायचं. अर्धी सकाळ हेच. यात कोण कुणाकडून काम करून घेत होतं, तुम्हीच सांगा.

शाळेतल्या पोरांसोबत करायची होती मातीची वटवाघळं. का, तर भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. शास्त्राने त्याची नोंद 1913 साली घेतली आणि पुढे कित्येक वर्षं जगात त्याचा हा एकच ठिकाणा माहीत होता. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. कान भले मोठे, पुढे झुकून नाकाडावर एकत्र आलेले. त्या मुलीने चित्राबरहुकूम पातळ कान केले, सकाळी बघते तर सगळे तडकलेले. मग म्हातारीने मातीत चाळलेली राख आणि लीद मिसळायला लावली, कान मुळाशी जाड ठेवले आणि वरून ओलं गोणपाट टाकून सावलीत वाळवले. दुसऱ्या खेपेला टिकले. शाळेच्या पडवीत आज टांगलेली आहेत ती म्हातारीच्या अकलेवर टिकलेली आहेत. हिला तुम्ही अडाणी म्हणता! कलाकार असं एक अवाक्षर बोलले नाहीत, बोललात ते तुम्ही, गावचे म्हणवणारे.

माझी आई याच मातीने घर सारवायची. कारवीच्या कुडाला आतून-बाहेरून लिंपण, दर दिवाळीआधी. हात भेगाळलेले असायचे तिचे. तेव्हा कुणी वाटेने जाताना थांबून ‘वा’ म्हटलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कळणार नाही. अर्थात तुमच्या घरी कोण लिंपायचं ते मला ठाऊक नाही, विचारतही नाही.

बांबूचं म्हणाल तर गावातल्याच बेटातला, मालकाला विचारून तोडलेला, असं मला सांगितलं गेलं. उगाच अभयारण्य आणि वनखातं मधे ओढायचं कारण नाही. मजुरीचं आयोजकांना विचारा. मी लेख लिहायला गेलो होतो, हिशेब तपासायला नाही. बायका हसत-खिदळत होत्या, राबवून घेतल्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

उत्तराला उत्तर जरूर द्या. फक्त खाली खरं नाव आणि गाव घाला. ‘खानापूरकर’ काय, मीही आहे.