शिफ्ट लागली म्हणजे लागली

आमच्या घरामागचा निंब आणि मी, दोघंही १९७९ चे. माझ्या बारशाला कुणीतरी आणून दिलेलं ते रोप. बाबांनी त्याला एक पैसा दिला नव्हता. यंदा तो मी व्याजासकट दिला. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, एका संध्याकाळी वादळ आलं, बुंधा उभा चिरला आणि झाड गच्चीच्या कठड्यावर अंग टाकून बसलं.

परवानगीच्या अर्जात झाडाचं वय लिहायचं होतं. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार शहरातलं पन्नास वर्षांचं झाड वारसा वृक्षात मोडतं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आई येईल त्याला सांगत सुटली, "पन्नास कुठचे? याच्याच वयाचं आहे." बायको म्हणाली, "मग वाटणारच पन्नासचं."

ठेकेदार आले. त्यांनी झाडाकडे कमी आणि गल्लीकडे जास्त पाहिलं.

"भाऊ, पाडाल कुठी? इकडे तुमचं घर, तिकडे त्यायचं किचन, समोर तारा. एकेक तुकडा घरावरून उचलूनच काढा लागते."

"मग हायड्रा बोलवा ना." क्रेनबाबत माझं ज्ञान या एका शब्दात संपतं.

"हायड्राचा हात नाही पोचत जी."

हायड्रावर चौदा टन लिहिलेलं असलं तरी ते अगदी जवळून उचलायचं वजन. हात जेवढा लांब, तेवढी ताकद कमी. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे समजेल. आमच्या निंबाचा दोन फूट जाड, बारा फूट लांब ओला ओंडका म्हणजे जवळपास एक टन. तेव्हा मोठी क्रेन: आठ तासांच्या शिफ्टचे २८,००० रुपये, येण्या-जाण्याचे ६,०००, कटरवाल्या पोरांचे १२,०००, लाकूड उचलायचे ५,०००.

"लाकडाचे तर आपल्याला मिळतील ना?"

ठेकेदारांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "सागवान असतं तर बोललो असतो. निंब कोण घेते, भाऊ?"

एकूण ५१,०००. जमिनीतला बुंधा काढायचे वेगळे.

"आणि काम तीन तासांत झालं तर?"

"शिफ्ट लागली म्हणजे लागली."

क्रेन सकाळी नऊला आली. चारही पाय पसरून त्यांच्याखाली लाकडी फळ्या सरकवण्यातच तास गेला. मग तारांसाठी गल्लीची लाइट बंद झाली. नागपुरात, मे महिन्यात, कुलर बंद! दहा मिनिटांत सगळी गल्ली बनियनवर बाहेर आली. पानं पडतात म्हणून वीस वर्षं माझ्याशी भांडलेले शेजारचे काका कपाळावर पंचा दाबत म्हणाले, "एवढं सावलीचं झाड कोणी तोडते काय?"

कटरवाला पोरगा वर चढला, फांदीला पट्टा बांधला, क्रेननं ताण घेतला आणि कटर सुरू झालं. फांदी सुटली तेव्हा पडली नाही. नुसती हवेत थांबली. मग आमच्या गच्चीवरून, आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून, हळूहळू निघाली. तिच्या टोकाला मांजात गुरफटलेला एक काळा-हिरवा पतंग होता. खालून काका ओरडले, "तो आमचा आहे!" कोणत्या संक्रांतीचा, हे विचारायची सोय नव्हती. पतंग त्यांना दिला.

दुपारी दोनला झाड संपलं, लाइट आली. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन घड्याळाकडे बघत म्हणाला, "तीन तास बाकी आहेत, भाऊ. काही उचलायचं आहे का आणखी?"

तासाचे साडेतीन हजार. मी घरभर फिरलो. उचलण्याजोगं काही सापडेना. आईनं "मला नको" म्हणून आधीच सांगून टाकलं. शेवटी दोन वर्षं अंगणात पडलेली पाण्याची टाकी गच्चीवर चढवली. वीस मिनिटं.

मग समोरच्यांची टाकी गेली. कोपऱ्यावरच्यांचा दिवाण गेला, जो जिन्यातून वळत नव्हता. साडेचारला काका आले, पतंग काखेत. "तुमचं चालूच आहे तर आमचा तेवढा कुलर वर ठेवून द्या ना. डक्टिंगचा आहे, चार माणसं लागतात."

मी पट्टा धरायला गेलो.