वनड्राइव्हचं फोल्डर डिलीट करायला सांगणारा मेसेज: खुलासा

ग्रुपवर फिरतंय की वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची सोय) असेल तर विंडोजचं सिस्टीम रिस्टोअर (कॉम्प्युटरची सेटिंग्ज आधीच्या स्थितीत परत नेणं) होतच नाही, म्हणून आधी त्याचं अख्खं फोल्डर उडवा आणि मग रिस्टोअर मारा. थांबा, असं काही करू नका!

यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्ये वनड्राइव्हचं फाइल्स ऑन-डिमांड (लागेल तेव्हाच फाइल उतरवणं) आलंय, त्यात निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नसतेच, नुसती नावापुरती खूण असते, आणि अशा खुणांपाशी रिस्टोअर कधीकधी अडकतं. पण "होतच नाही" ही चक्क थाप. अँटीव्हायरसमुळेही अडकतं, आणि बऱ्याच पीसींवर सिस्टीम प्रोटेक्शन मुळात बंदच असतं, मग रिस्टोअर पॉइंट (ज्या जुन्या स्थितीवर परत जायचं ती नोंद) येणार कुठून?

आणि सिंक (पीसी आणि क्लाउड, म्हणजे ऑनलाइन साठा, सारखे ठेवणं) चालू असताना फोल्डर डिलीट केलं की क्लाउडवरूनही जातं. वनड्राइव्हचं बॅकअप ऑन असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळं त्याच फोल्डरात असतं, म्हणजे लग्नाचे फोटो पण गेले. कुणी आधीच उडवलं असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन बघा, पर्सनल अकाउंटला साधारण ३० दिवस तिथे राहतं.

रिस्टोअर अडलंच तर खाली घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून वनड्राइव्ह क्विट करा, तरी नाही झालं तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टीम रिस्टोअर. डिलीट कशालाच करायचं नाहीये.