मामा, बांबू आता कायद्यानंसुद्धा झाड नाही

लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या माझ्या मामांनी बांबूसाठी खणलेले चाळीस खड्डे गेल्या आठवड्यात परत बुजवले. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "उगं कशाला झंझट? म्हातारपणी मला कोर्टाच्या पायऱ्या चढवतोस का?" आणि गावच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवून दिला. तोच मेसेज दोन दिवसांत आणखी तिघांकडून आला. त्यातला एक तर शिकलेला, बँकेत नोकरीला.

"नवा जंगल कायदा लागू, शेतकऱ्यांनो सावधान" असं वर ठळक लिहिलंय. खाली चार धमक्या. शेतात बांबू लावला की तो वनखात्याचा, विनापरवाना तोडला तर जेल. रान दाट झालं की सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं जमीन जंगल म्हणून सरकारजमा. बांधावरचं कुठलंही झाड तोडलं तर पन्नास हजार दंड. जंगलात गुरं शिरली की सहा महिने कैद. कलम नाही, तारीख नाही, कुठल्या कायद्याचं नाव नाही. शेवटी "जास्तीत जास्त शेअर करा" तेवढं न चुकता.

बांबूचंच आधी घेतो, कारण खड्डे त्यापायी बुजले.

भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा, इंग्रजांचा. त्याच्या कलम २ मध्ये, पोटकलम ७ ला, 'झाड' या शब्दात काय काय येतं ते सांगितलंय: ताड-माडाच्या जातीची झाडं, बांबू, खुंट, झुडपं, वेत. बांबू खरं तर गवताच्या कुळातला, पण या एका शब्दामुळं तो नव्वद वर्षं कायद्यात झाड म्हणून वावरला. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात लावलेला बांबू तोडायला आणि वाहून न्यायला परवान्यासाठी खेटे घालावे लागायचे, ते यातूनच. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं अध्यादेश काढून त्या व्याख्येतला 'बांबू' हा शब्द उडवला आणि पुढं संसदेनं त्याचा कायदा केला. एक शब्द गेला, बस्स. म्हणजे जी अडचण आठ-नऊ वर्षांपूर्वी काढून टाकली, तीच हा मेसेज 'नवा कायदा' म्हणून विकतोय. उलटा कारभार म्हणतात तो हाच.

आता जंगलातल्या बांबूचं वेगळं आहे. किनवटच्या राखीव जंगलात शिरून कुणी बांबू तोडला तर तो गुन्हाच. वनजमिनीवरच्या बांबूवर ज्यांचे वनहक्क मान्य झालेत त्यांची गोष्ट अजून निराळी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःचा वाहतूक परवाना देण्याचा हक्क मिळाला, तो वनहक्क कायद्यामुळं. मामांच्या मुरमाड पट्टीचा या दोन्हींशी काही संबंध नाही. लातूर जिल्ह्यात जंगल औषधालासुद्धा सापडत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. कागदावर शब्द उडाला तरी वनखात्याच्या नाक्यावरच्या माणसाच्या डोक्यातून तो उडायला वेळ लागतो. ओळखीच्या एकाची बांबू भरलेली गाडी एका नाक्यावर दुपारभर उभी होती. "परवाना दाखव" एवढाच धोशा, आणि ड्रायव्हरकडं कागदाचा चिटोराही नाही. वन अधिनियमाचं कलम ६९ म्हणतं की वनोपज, म्हणजे कायद्याच्या भाषेत जंगलाचा माल, सरकारची आहे की नाही असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच धरायची. शेतातला बांबू मुळात वनोपजच नाही, पण तो शेतातला आहे हे नाक्यावर दाखवायचं कशानं? म्हणून ई-पीक पाहणीत बांबूची नोंद करून घ्यायची आणि गाडीबरोबर ताजा सातबारा द्यायचा. तेवढ्यानं भागायला हरकत नाही.

सरकारजमा जमिनीची भीती कुठून आली तेही बघू. गोदावर्मन प्रकरणात, म्हणजे जंगलतोडीवरच्या एका खटल्यात, १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थानं जंगल, मग मालकी कुणाचीही असो. वन संवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं तो अर्थ आवळला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानं तूर्त जुनाच अर्थ धरा म्हणून सांगितलं. म्हणजे 'मालकी कुणाचीही' एवढं खरं आहे. पण त्यानं मालकी जात नाही. अशा जमिनीचा जंगलाव्यतिरिक्त वापर करायचा तर केंद्राची मंजुरी लागते, एवढंच. आणि बांधावरच्या बांबूच्या चाळीस बेटांना जंगल म्हणणारा शब्दकोश अजून माझ्या बघण्यात नाही.

पन्नास हजार हा आकडा हवेतून आलेला नाही. दंड एक हजारावरून तेवढा करायचं राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये ठरवलं होतं. पण ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्याबद्दल, आणि तो कायदा त्याला जोडलेल्या यादीतल्या, म्हणजे अनुसूचीतल्या, झाडांपुरता आहे. साग, चिंच, आंबा, मोह, चंदन, खैर, जांभूळ ही त्यातली. 'कुठलंही झाड' नव्हे, आणि बांबू तर नाहीच. बांधावरची जुनी चिंच पाडायची असेल तर मात्र परवानगी काढा, तिथं मी तुमच्या बाजूनं भांडणार नाही.

गुरांचं तर हसूच येतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं संसदेनं राखीव जंगलात गुरं शिरण्यासारख्या किरकोळ बाबींतली कैद काढून पाचशे रुपयांपर्यंतचा दंड तेवढा ठेवला. मेसेजवाल्यानं काढून टाकलेलीच शिक्षा नवी म्हणून छापली.

बांबूतून एकरी लाखो मिळतात असं जे भाषणांत ऐकायला येतं, त्यावर मामांनी शंका घ्यावी, मीही घेतो. शेतकरी नेते पाशा पटेल गावोगाव बांबूचं सांगत फिरतात, ते ऐकून घ्यावं आणि हिशोब आपला आपण करावा. पहिली तोड यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर खर्चच. नको वाटला तर या हिशोबानं नको म्हणा. या मेसेजपायी नको.

रोपांच्या पिशव्या अजून लिंबाखाली आहेत, मामी त्यांना रोज पाणी घालतेय. मी रविवारी येतोय. मामा, टिकाव तेवढा शेजाऱ्याकडून परत आणून ठेवा.