होस्टाला सावली देऊ, पण सोलापुरात थंडी कुठून आणायची?

बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या होस्टा या रुंद पानांच्या शोभेच्या झाडाबद्दल एक मजकूर फिरतोय: "सावलीत काही येत नाही? होस्टा लावा, सोलापुरातही हमखास येतो. निळ्या पानांचं बी पेरा, उन्हाळ्यात कुंडीत बर्फ टाका." जुळे सोलापुरातल्या माझ्या ओळखीच्या दोन घरांनी बी मागवलंसुद्धा, म्हणून हे लिहिते.

सावली चालते, हे खरं. पण होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनचा. हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि जमिनीतला गड्डा झोपी जातो. त्या झोपेला ५ अंशांच्या आसपासची थंडी लागते, तीही कित्येक आठवडे. आपल्याकडे जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी १५ अंशांच्या आसपास असतो. नवा गड्डा आणलात तर साठवलेल्या जोरावर पहिल्या वर्षी छान फुटेल. मग पानं लहान होत जातात आणि झाड झिजतं. "माझ्याकडे आला की" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, कितवं वर्ष?

बर्फाने हे भागत नाही. थंडी हवी ती विश्रांतीच्या काळात, आणि कुंडीतले खडे तर घटकाभरात विरघळतात. गड्डा दरवर्षी काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवून झोप घडवता येईल, पण पुढे मे महिना आहेच: दिवसा पारा ४० च्या वर, रात्री उकाडा, हवा कोरडी. सावलीतही पानांच्या कडा करपतात.

बियांचं तर सोडूनच द्या. नावाजलेल्या जाती बियांतून तशाच उतरत नाहीत, त्या गड्डे फोडून वाढवतात. आणि तो निळा रंग पानावरच्या मेणाचा असतो. उन्हातान्हात मेण गेलं की खाली साधं हिरवं पान. त्या पाकिटावर पैसे घालू नका, कळकळीने सांगते.

प्लँटाजिनिया ही चीनमधली, सुवासिक पांढऱ्या फुलांची जात इतरांपेक्षा उष्णता जास्त सोसते. पण हिवाळ्याची झोप तिलाही हवीच.

जिन्याखाली अग्लोनेमा, सिंगोनियम, स्नेक प्लँट लावा. आणि रुंद, बदामी, मेणचट पानांचीच हौस असेल तर मोरीच्या पाण्यावर वाढणारा आपला अळू आहे. कडुनिंबाच्या विरळ सावलीत, ओल राहील अशा जागी अळूचे कांदे लावा. पाऊस पडला की हातभर पानं येतात, आणि वडीचा अळू असेल तर वड्याही होतात.