‘खुर्चीत बसून’ या दोन शब्दांविषयी

महोदय,

‘गुरखा आता येत नाही’ या माझ्या लेखावरची (कामासाठी भारतात येणारे नेपाळी आता इतर देशांकडे वळताहेत, असा त्याचा आशय) आपली प्रतिक्रिया वाचली. एक चूक आधीच कबूल करतो. नेपाळच्या सीमेवरचं बनबसा उत्तर प्रदेशात नाही, उत्तराखंडात आहे. दुरुस्ती केली, आभार. मी पाहिलं तेव्हा ते उत्तर प्रदेशातच होतं (उत्तराखंड झालं २००० साली), पण असो.

आपण लिहिता, ‘लेखकाने पुण्यात खुर्चीत बसून एका वॉचमनवरून नेपाळची सीमा रंगवली आहे.’ खुर्चीत बसून! मतभेद असू द्यात, पण हा सूर कशाला?

१९९६ च्या मार्चमध्ये मी पिलीभीतहून मीटरगेजने बनबसाला उतरलो. तिथून टांगा, मग महाकाली या सीमेवरच्या नदीवरचा बॅराज पायी. समोरून माणसांची रांगच्या रांग येत होती, पाठीवर सुतळीने आवळलेल्या रजया. पासपोर्टचा प्रश्नच नव्हता; १९५० च्या करारापासून दोन्हीकडच्यांना इकडेतिकडे राहायची, कामधंद्याची मुभा आहे. एकाने माझ्यापुढे घामाने भिजलेली चिठ्ठी धरली. दादरच्या एका सोसायटीचा पत्ता, चक्क मराठीत! त्याला अक्षरओळख नव्हती, मी वाचून दाखवला. हे खुर्चीतून दिसत नाही.

आणि ‘एक वॉचमन’ म्हणजे काय हो? आमचा वॉचमन पश्चिम नेपाळातल्या अछामचा. त्याचे आजोबा, वडील दोघेही इकडेच चाकरीला. अशांना तिकडे ‘लाहुरे’ म्हणतात, पूर्वी लाहोरला फौजेत भरती व्हायला जात म्हणून. मुलगा मात्र कतारला, मेहुणा मलेशियात. एका घरात सगळा बदल दिसतो, तो दिसू नये असा आपला हट्ट असेल तर इलाज नाही. २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली, उत्तराखंडातल्याच धारचुल्याला काहींनी महाकालीत उड्या टाकून पलीकडचा काठ गाठला. आमचा वॉचमन तेव्हा बनबसाला अडकला होता. रोज संध्याकाळी फोन करायचा, ‘साब, आज भी नहीं खुला.’ ते फोन मी घेतले. खुर्चीत बसून घेतले, हे मात्र खरं.

बाकी आपला आकड्यांचा मुद्दा. नेपाळच्या जनगणनेत परदेशी गेलेल्यांपैकी भारतात असलेले २००१ ला सुमारे ७७ टक्के, २०११ ला ३८ च्या आसपास. पण जाणारेच अडीचपट झाले, त्यामुळे भारतातले नेपाळी कमी न होता वाढले, असं आपलं म्हणणं. बरं. टक्के माझ्याही लेखात होते. ‘येत नाही’ हे शीर्षक आहे, शीर्षकाची कोणी शिरगणती करत नाही. बिहारी कारागीर काठमांडूला जातात ते मी गाळलं, हेही मान्य. एका लेखात किती कोंबणार?

पुढच्या वेळी टोपणनावाआडून लिहू नका. आणि तुम्ही स्वतः बनबसाला कधी गेला होतात, तेवढं कळवा.